धामणगावावरून विदर्भ एक्सप्रेसचं तिकीट नेहमी वेटिंगच का दाखवते?

एका भाऊनं विचारलं आहे. गाव अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे स्टेशनापासून आत, वडिलांना दर तीन महिन्यांनी परळच्या टाटा हॉस्पिटलात तपासणीला न्यावं लागते. विदर्भ एक्सप्रेस सोयीची, पण धामणगाव ते मुंबई टाकलं की प्रत्येक वेळी वेटिंग. अन् बाजारातला एक एजंट त्याच गाडीचं, त्याच तारखेचं कन्फर्म तिकीट काढून देते, फक्त वरून पैसे जास्त घेते. तर हे कसं काय, अन् वेटिंगवरच चढून गेलं तर टीसी काय करेल, असा प्रश्न आहे.

मी आधी रिझर्वेशनच्या खिडकीवर होतो, नंतर टीसी म्हणून आपल्याच पट्ट्यात डब्बे तपासले, आता रिटायर आहे. त्यामुळं खिडकीच्या आतून काय दिसते अन् डब्ब्यात काय होते हे दोन्ही सांगतो, जरा लांबेल, पण एकदा समजून घ्या म्हणजे दर तीन महिन्यांनी डोक्याला ताप होणार नाही.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. वेटिंग दाखवते म्हणजे गाडी भरली असं नसते. तुमच्या स्टेशनच्या वाट्याला आलेल्या शीटा भरलेल्या असतात, एवढाच त्याचा अर्थ.

विदर्भ एक्सप्रेस म्हणजे १२१०६, दुपारी गोंदियाहून निघते, तिरोडा, तुमसर रोड, भंडारा रोड करत संध्याकाळी नागपूर, मग वर्धा, पुलगाव, धामणगाव, बडनेरा, मुर्तिजापूर, अकोला, शेगाव, मलकापूर, भुसावळ अन् सकाळी मुंबई. नागपूर ते सीएसएमटी साधारण ८४० किलोमीटर, गोंदियापासून धरलं तर ९७० च्या जवळपास. आता एवढ्या साऱ्या स्टेशनांवरून लोक चढणार, तर कॉम्प्युटर सगळ्या बर्थ एकाच ढिगात ठेवत नाही. जिथून गाडी सुटते तिथला मोठा वाटा, मधल्या मोठ्या स्टेशनांचा काही वाटा, अन् आपल्यासारख्या लहान स्टेशनवाल्यांना बहुतेक वेळा मिळून एक सामायिक वाटा, तोही छोटा. कोणाला किती हे गाडीगणिक वेगळं अन् रेल्वे ते बदलतही राहते. सोसायटीच्या गोडाऊनमध्ये युरियाची थप्पी दिसून राहिली असते, पण ती दुसऱ्या गावाच्या नावची असते अन् तुम्हाला संपला म्हणून सांगतात, तसलाच हा प्रकार.

म्हणून तिकिटावर वेटिंगच्या आधी जी इंग्रजी अक्षरं येतात ती वाचायची सवय लावा. जीएनडब्ल्यूएल असेल तर जनरल वेटिंग, ही सगळ्यात जास्त सरकते, कारण मोठ्या कोट्यातली तिकिटं कॅन्सलही जास्त होतात. आरएलडब्ल्यूएल म्हणजे मधल्या मोठ्या स्टेशनाच्या रिमोट कोट्यातली, कमी सरकते. पीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तो सामायिक वाटा, लहान स्टेशनवाले इथंच अडकतात, अन् याची १० नंबरची वेटिंगही कधीकधी तशीच राहते. टीक्यूडब्ल्यूएल म्हणजे तत्काळची वेटिंग, ती आरएसी (म्हणजे दोघांत एक बर्थ) होतच नाही, झाली तर सरळ कन्फर्म नाहीतर गेली, तिच्या भरवशावर पेशंटला घेऊन घराबाहेर निघूच नका. अन् तिकिटावर दोन आकडे असतात, ४५ अन् त्यापुढं १२ असं, तर ४५ हा तिकीट काढलं तेव्हाचा नंबर अन् १२ हा आत्ताचा. लोक पहिलाच आकडा पाहून घाबरतात किंवा दुसराच पाहून निर्धास्त होतात, अक्षरं कोणी पाहतच नाही. जनरलची ४० सामायिकच्या ८ पेक्षा बरी असू शकते.

आता एजंटचा चमत्कार. त्यानं दिलेलं मागचं एखादं तिकीट घरात असेल तर काढून पाहा. बहुतेक त्यावर 'कुठून' मध्ये गोंदिया किंवा नागपूर असेल अन् बोर्डिंग धामणगाव. बस, एवढंच केलं असते त्यानं. मोठ्या स्टेशनच्या कोट्यातून तिकीट काढलं अन् चढायचं स्टेशन तुमचं टाकलं. हे कायदेशीर आहे, कोणीही करू शकते, तुम्हीही. मोबाइलवर आधी धामणगाव ते दादर टाकून पाहा, मग वर्धा ते दादर, मग नागपूर, मग गोंदिया, अन् उतरायचं स्टेशनही एकदा दादर एकदा सीएसएमटी असं बदलून पाहा, त्यानंही कोटा बदलू शकते. जिथं उपलब्ध दाखवेल तिथून काढा अन् बुक करतानाच बोर्डिंग स्टेशन धामणगाव निवडा. भाडं नागपूरपासूनचं लागेल, म्हणजे न केलेल्या शंभर-सव्वाशे किलोमीटरचे पैसे जातात, पण रेल्वेचं भाडं अंतर वाढलं की किलोमीटरमागं कमी होत जाते, त्यामुळं फरक तेवढा बसत नाही. एजंट वरून जे घेते त्यापेक्षा तर कमीच.

पण इथं एक सांगून ठेवतो, यात लोक मार खाऊन राहिले. तिकीट नागपूरपासूनचं काढते, बोर्डिंग बदलायचंच राहून जाते, अन् निवांत धामणगावला येऊन उभा राहते की तिकीट तर आपलंच आहे. तसं नसते. टीसीच्या हातात आता मशीन असते, नागपूरहून गाडी सुटली अन् तुमच्या बर्थवर कोणी नाही, तर तो 'प्रवासी आला नाही' असं टाकते अन् ती बर्थ आरएसीवाल्याला जाते. पूर्वी कागदाच्या चार्टवर, म्हणजे कोणाला कोणती बर्थ त्या शेवटच्या यादीवर, टीसी एखाद-दोन स्टेशन वाट पाहायचा, ओळखीचं सांभाळून घ्यायचा, ते दिवस गेले. मग धामणगावात चढून भांडण, म्हातारा माणूस उभा, अन् टीसीच्या हातात खरोखर काही उरलेलं नसते. तर बोर्डिंग बुक करतानाच टाका, नंतर बदलायचं झालं तर चार्ट लागायच्या बऱ्याच आधी, एक दिवस तरी आधी करा. अन् एकदा धामणगाव केलं की मग नागपुरातून चढायचा हक्क गेला, हेही लक्षात ठेवा. त्या दिवशी नेमकं नागपूरच्या बहिणीकडं मुक्काम करून तिथूनच चढू असा बेत करू नका.

यात तुमच्या बाबतीत अजून एक गोम आहे. वडील कॅन्सरचे पेशंट असतील तर रेल्वेची सवलत आहे, अन् चांगली मोठी आहे. स्लीपर अन् थर्ड एसीत पेशंटचं भाडं पूर्ण माफ, सेकंड एसीत ५० टक्के, अन् सोबतच्या एका माणसाला स्लीपर-थर्ड एसीत ७५ टक्के सूट. त्याला ठरलेल्या नमुन्यातलं सर्टिफिकेट लागते, हॉस्पिटलच्या डॉक्टरच्या सहीशिक्क्याचं, ते घेऊन खिडकीवर जायचं. पण त्या सर्टिफिकेटवर कुठून कुठं हे लिहिलेलं असते, अन् सवलत राहत्या गावापासून दवाखान्यापर्यंतचीच असते. म्हणजे नागपूरपासून काढून धामणगाव बोर्डिंग करायची युक्ती अन् ही सवलत एकत्र चालवायला जाऊ नका, खिडकीवरचा माणूस नाही म्हणेल अन् त्याचं बरोबर असेल. सवलत पाहिजे असेल तर धामणगावावरूनच, अन् मग त्याला एकच उपाय, पहिल्या दिवशी पहिल्या तासात नंबर लावणं. सर्टिफिकेटची झेरॉक्स काढून ठेवा अन् प्रवासात कागद जवळ पाहिजेत. बाकी ज्येष्ठांची जी साधी सवलत होती ती मार्च २०२० पासून बंद आहे, अजूनही लोक खिडकीवर येऊन वय सांगतात अन् वाद घालतात.

पहिला दिवस म्हणजे कोणता? १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ बुकिंग १२० ऐवजी ६० दिवसांवर आणलं. सकाळी ८ वाजता उघडते. टाटावाले पुढची तारीख तीन महिन्यांनंतरची देतात, म्हणजे तारीख मिळाल्यावर महिनाभर तुम्हाला काहीच करायचं नाही, पण कॅलेंडरवर प्रवासाच्या ६० दिवस आधीच्या दिवसाला गोल करून ठेवा. त्या दिवशी ऑनलाइन काढायचं तर खात्याला आधार जोडलेलं पाहिजे, ते आदल्या रात्री नाही, आत्ताच करून घ्या. अन् जायचं तिकीट काढलं की यायच्या तिकिटाचाही दिवस मोजा. परतीचं तिकीट लोक विसरतात अन् मग मुंबईत अडकतात, तिथं एक दिवसाचा जास्तीचा मुक्काम काय भाव पडते हे मी सांगायला नको.

तत्काळचं म्हणाल तर एसीचं सकाळी १० ला अन् स्लीपरचं ११ ला, गाडी सुटायच्या आदल्या दिवशी. इथं एक हिशोब भल्याभल्यांचा चुकते. आदला दिवस हा तुमच्या स्टेशनाचा नाही, गाडी जिथून निघते तिथला. विदर्भ गोंदियाहून दुपारी निघून त्याच दिवशी धामणगावात येते, म्हणून तुम्हाला फरक पडत नाही. पण समजा गीतांजली बडनेऱ्याहून १२ तारखेला पकडायची आहे, ती हावड्याहून ११ लाच निघालेली असते, म्हणून तिचं तत्काळ १० तारखेला उघडते. लोक ११ ला सकाळी मोबाइल घेऊन बसतात अन् म्हणतात सगळं संपलं. संपणारच ना बाप्पा, कालच उघडलं होतं. जुलै २०२५ पासून ऑनलाइन तत्काळलाही आधार लागते अन् पहिला अर्धा तास अधिकृत एजंटलासुद्धा काढता येत नाही, त्यामुळं साध्या माणसाला थोडी फट मिळाली आहे. धामणगावच्या खिडकीवर रांगेत पहिले एक-दोनच असाल तरच स्लीपरला आशा धरा. तत्काळचं कन्फर्म तिकीट कॅन्सल केलं तर पैसे परत नाहीत, तेही पाहून घ्या.

एजंटबद्दल अजून थोडं. लायसन असलेला एजंट ठरलेला सर्व्हिस चार्ज घेते, पावती देते, त्याला माझं काही म्हणणं नाही, ज्याला मोबाइल जमत नाही त्यानं जावं तिकडं. पण मोबाइलच्या दुकानात बसून स्वतःच्या खाजगी आयडीवरून लोकांची तिकिटं काढून विकणं हा रेल्वे कायद्याच्या कलम १४३ खाली गुन्हा आहे. धाड पडली तर त्याला जे व्हायचं ते होईल, पण त्याच्या आयडीवरची पुढची तिकिटं रद्द होतात अन् तुम्ही फलाटावर. दुसरा प्रकार याहून वाईट, आधीच कोणत्यातरी नावानं काढून ठेवलेलं तिकीट विकतात, पुरुष वय ६२, स्त्री वय ५५, अन् म्हणतात कोणी पाहत नाही. पाहतात. ओळखपत्र जुळलं नाही तर तुम्ही विनातिकीटच, पूर्ण भाडं अधिक दंड. घरातल्या घरात नाव बदलायची सोय मात्र खरी आहे अन् फुकट आहे. म्हणजे वडिलांसोबत तुम्ही जाणार होता अन् ऐन वेळी कापूस वेचणीत अडकले, तर तुमच्या जागी भावाचं नाव टाकता येते. आई-वडील, भाऊ-बहीण, मुलगा-मुलगी, नवरा-बायको एवढ्यांतच, कन्फर्म तिकिटावर, गाडी सुटायच्या २४ तास आधी, नातं दाखवणारे कागद घेऊन खिडकीवर अर्ज द्यायचा. मित्राच्या नावावर होत नाही.

आता वेटिंगवर चढायचा प्रश्न. ऑनलाइनचं तिकीट चार्ट लागल्यावर पूर्ण वेटिंगच राहिलं तर आपोआप रद्द होते, पैसे खात्यात येतात, मग तुमच्याजवळ तिकीटच नाही. खिडकीवरचं कागदी वेटिंग असेल तर त्यावर फक्त जनरल डब्ब्यात बसता येते, स्लीपरमध्ये किंवा एसीत नाही. पूर्वी टीसी दुर्लक्ष करायचे, दरवाज्याजवळ बसून जा म्हणायचे, २०२४ पासून यात फार कडक झाले. सापडलं तर किमान २५० रुपये दंड, वरून भाडं, अन् पुढच्या स्टेशनवर उतरवून जनरलमध्ये पाठवतात. आजारी माणसाला घेऊन अकोल्यावर रात्री हे करायचं का, तुम्हीच पाहा. आरएसीचं वेगळं, त्यात चढायचा हक्क पूर्ण आहे, फक्त साइड लोअर दोघांत बसून जायची, रस्त्यात कोणी आलं नाही तर पूर्ण बर्थ मिळते. मी डब्ब्यात असताना भुसावळच्या आत बऱ्याच आरएसी निघायच्या. चार्ट आता पूर्वीसारखा ४ तास आधी लागत नाही, बराच आधी लागते, त्यामुळं विदर्भसारख्या दुपारच्या गाडीचं सकाळी घरीच कळून जाते, गाडीभाडं करून स्टेशनवर येऊन निराश व्हायची वेळ नाही. अन् चार्टनंतर उरलेल्या बर्थ करंट बुकिंगमध्ये उघडतात, दुसरा चार्ट लागेपर्यंत, तिथंही एकदा नजर टाका. आडवाराला कधीमधी मिळून जाते.

जनरलनं जायचं झालं तर एकच सूचना, १२ नं सुरू होणारा नंबर म्हणजे सुपरफास्ट, तिला वरून सरचार्ज लागते, जनरलला १५ रुपये. साधं एक्सप्रेसचं तिकीट घेऊन विदर्भमध्ये बसलेले लोक मी रोज पाहायचो, १५ रुपयांपायी अडीचशे भरायचे.

दुसऱ्या गाड्यांचं सांगतो, कारण विदर्भवरच अडून बसायची गरज नाही. अमरावती-मुंबई एक्सप्रेस ही अमरावतीहूनच निघते, त्यामुळं अमरावती अन् बडनेऱ्याच्या माणसाला ती विदर्भपेक्षा सोपी जाते. धामणगावहून बडनेरा ४५ किलोमीटरच्या आसपास, एसटी आहे, रेल्वे आहे, वडिलांना तेवढं झेपत असेल तर ही पहिली पाहा. मग सेवाग्राम एक्सप्रेस आहे, नागपूरहून रात्री निघते, मुंबईत पोहोचेपर्यंत दुपारकडं जाते, त्यामुळं सकाळच्या अपॉइंटमेंटला उपयोग नाही, पण आदल्या दिवशी जाऊन राहायचं असेल तर चालते. गीतांजली, हावडा मेल या लांबून येतात, आपल्याकडं येईपर्यंत लेट होऊ शकतात अन् कोटाही तोकडा. दुरांतो धामणगावात थांबत नाही, विषय संपला. अन् महाराष्ट्र एक्सप्रेसच्या नावावर जाऊ नका, गोंदिया-कोल्हापूर आहे ती, मनमाडहून नगर-दौंड-पुण्याकडं वळते, मुंबईला जातच नाही. एकाच राज्यात एवढी लांब पळणारी दुसरी गाडी नाही, साडेतेराशे किलोमीटरच्या आसपास, अन् प्रत्येक खांबाला थांबत जाते. नाव पाहून मुंबईसाठी तिच्यात चढलेले लोक मनमाडला उतरवावे लागायचे.

तारीख तुमच्या हातात असेल तर काही दिवस टाळा. डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मुंबईकडं जाणारी प्रत्येक गाडी ६ डिसेंबरच्या महापरिनिर्वाण दिनासाठी चैत्यभूमीला जाणाऱ्या लोकांनी भरलेली असते, रिझर्वेशनच्या डब्ब्यातही पाय ठेवायला जागा नसते, अन् ६-७ तारखेला दादर स्टेशन तुडुंब, परत येणाऱ्या गाड्या तशाच. लगेच नागपूरचं हिवाळी अधिवेशन, तेव्हा एसी डब्ब्यांमध्ये आमदार, त्यांचे पीए अन् मंत्रालयातले साहेब लोक, अधिवेशन संपते त्या दिवशी तर विचारूच नका. दिवाळीनंतरचा आठवडा पुण्या-मुंबईला कामाला गेलेली पोट्टी परत जातात. शेगावची गर्दी मात्र जास्त करून मधल्या मधली असते, जनरलमध्ये त्रास, बर्थवर नाही.

लेट होण्याबद्दल. विदर्भ तशी बऱ्यापैकी वेळेवर चालणारी गाडी आहे, पण नागपूर-गोंदिया पट्ट्यात मालगाड्यांची भलती गर्दी, कोळसा अन् खनिज त्याच लाइननं, त्यामुळं नागपूरच्या आधीच अर्धा-पाऊण तास खाल्लेला असू शकते. शेवटच्या टप्प्यात टाइमटेबलमध्येच थोडा वेळ राखून ठेवलेला असते, म्हणून इगतपुरीला ४० मिनिटं लेट दाखवणारी गाडी दादरला २० मिनिटांवर येते, लगेच घाबरून हॉस्पिटलला फोन करू नका. खरी भीती पावसाळ्याची. इगतपुरी ते कसारा हा थळ घाट, १ ला ३७ चा चढ, म्हणजे ३७ मीटर पुढं गेलं की १ मीटर वर, मुंबईहून येताना गाडीला मागून जास्तीचं इंजिन लावावं लागते अन् जाताना उतरायच्या आधी ब्रेक तपासतात. जुलै-ऑगस्टात तिथं दरड आली किंवा खाली कल्याण-कुर्ल्याकडं रुळांवर पाणी आलं की गाडी नाशिक रोडलाच संपवतात, कधी त्याच्याही आधी. त्यामुळं पावसाळ्यातली अपॉइंटमेंट असेल तर त्याच दिवशी सकाळी पोहोचायचा बेत करू नका, एक दिवस आधी जा. अन् गाडी तुमच्या चढायच्या स्टेशनवर ३ तासांपेक्षा जास्त लेट असेल अन् तुम्ही जायचंच रद्द केलं, तर पूर्ण पैसे परत मिळतात, पण गाडी तिथून सुटायच्या आत टीडीआर, म्हणजे पैसे परत मागायचा अर्ज, टाकावा लागते. गाडी गेल्यावर टाकला तर नाही.

बर्थचं पाहा. ६० वरच्या पुरुषाला अन् ४५ वरच्या बाईला लोअर बर्थचा वेगळा कोटा आहे, ऑनलाइन तो वेगळा निवडावा लागते. पण त्याच तिकिटावर तुमचं तरुण माणसाचं नाव टाकलं की तो कोटा लागू होत नाही. मग दोन वेगळी तिकिटं काढायची म्हटलं तर वडील एस-२ मध्ये अन् तुम्ही एस-७ मध्ये येऊ शकता. पेशंट असेल तर मी म्हणेन एकाच तिकिटावर दोघं राहा, प्राधान्यात लोअर टाका, नाही मिळाली तर डब्ब्यात बदलून मिळते. आपल्या भागातली माणसं म्हाताऱ्याला वर चढायला लावत नाहीत, हे मी एवढी वर्षं डब्ब्यात पाहिलं आहे. नाहीच कोणी तयार झालं तर टीसीला सांगा, रिकामी लोअर असेल तर तो ज्येष्ठांना देऊ शकते.

धामणगावात गाडी जेमतेम एक-दोन मिनिटं थांबते, तेवढ्यात चढायचं आहे. डब्बा कुठं येते हे फलाटावर आधी विचारून ठेवा. तरी चुकलंच तर समोर येईल त्या स्लीपरमध्ये चढा अन् आतून चालत जा, डब्बे आतून जोडलेले असतात. फक्त जनरलमध्ये चढू नका, तिथून पुढं सरकता येत नाही. आधी वडील, मग सामान, मग तुम्ही. सोडायला आलेल्या पाहुण्यांना डब्ब्यात चढू देऊ नका, पिशवी ठेवता ठेवता गाडी सुटते अन् मग साखळी ओढतात, त्याला कलम १४१ आहे, १००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद.

उतरायचं दादरला. सीएसएमटीपर्यंत जाऊन परत परळला येण्यात काही अर्थ नाही, दादरहून टाटा टॅक्सीनं जवळ आहे. लोकलच्या नादी लागू नका, सकाळची वेळ असते. राहायची सोय नसेल तर दादरलाच गाडगे महाराज मिशनची धर्मशाळा आहे, टाटाचे पेशंट अन् त्यांचे नातेवाईक तिथंच उतरतात. आपल्या अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे बाबा, त्यांच्या नावानं मुंबईत आपल्याच लोकांची सोय होऊन राहिली. जागेसाठी आधी चौकशी करून जा, गर्दी कायम असते, हॉस्पिटलचे कागद दाखवावे लागतात.

येताना मात्र उलटं करा, दादरऐवजी सीएसएमटीवरून चढा. परतीची विदर्भ म्हणजे १२१०५, संध्याकाळी ७ च्या सुमारास सुटते, त्या वेळेला दादरचा फलाट म्हणजे माणसांचा पूर, गाडी दोन-तीन मिनिटं थांबते अन् दिवसभर तपासण्या करून थकलेला माणूस त्यात ढकलाढकलीत सापडते. सीएसएमटीला गाडी आधीच लागलेली असते, निवांत बसता येते. ५ लाच टॅक्सीनं निघा, त्यानंतर रस्ताही भरते. परतीचं तिकीटही तसंच तपासायचं, धामणगावपर्यंत वेटिंग असेल तर वर्धा किंवा नागपूरपर्यंतचं टाकून पाहा, मधेच धामणगावात उतरायला कोणी अडवत नाही. अन् ही गाडी उजाडता उजाडता आपल्याकडं येते, झोप लागली तर डोळा थेट वर्ध्याला उघडते. १३९ वर फोन करून पीएनआर सांगितला की स्टेशन यायच्या आधी उठवायचा कॉल येते, ते लावून ठेवा, अन् बडनेरा सुटलं की वडिलांच्या चपला-पिशव्या काढून दरवाज्याकडं सरकायला सुरुवात करा.